मैदान सोडलं नाही: क्रॉसमग्लेन रेंजर्सची गोष्ट

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात बोलतेय म्हणून एक गोष्ट मला समजावून सांगायची गरज नाही, ती म्हणजे टीम पेठेची असते. पाटाकडील आणि शिवाजीची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमवर काय होतं ते तुम्ही लहानपणापासून बघताय. मी गेली काही वर्षं आयर्लंडमध्ये डंडॉकला राहते, आणि तिथून वीसेक किलोमीटरवर सीमेपलीकडं एक गाव आहे, क्रॉसमग्लेन. त्या गावच्या गेलिक फुटबॉल क्लबबद्दल मला आज बोलायचंय, कारण पेठेची टीम म्हणजे काय हे मला माहीत आहे असं मला वाटायचं, पण त्या गावानं मला ते नव्यानं शिकवलं.

आधी थोडं खेळाबद्दल, पटकन सांगते. गेलिक फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. पंधरा-पंधरा जण, बॉल हातात घेता येतो, लाथेनं मारता येतो, गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखी. आडव्या दांडीखालून जाळीत गेला तर गोल, त्याचे तीन पॉइंट, आणि वरून गेला तर एक पॉइंट (आता लांबून मारला तर दोन, हा नियम अगदी अलीकडचा). स्कोअर लिहितात तो गोल आणि पॉइंट वेगवेगळे, १-१२ असा, म्हणजे एकूण पंधरा. ही सगळी व्यवस्था जीएए नावाची संघटना बघते, १८८४ साली थर्ल्स गावात एका हॉटेलात स्थापन झालेली, मायकेल क्युसॅक आणि मॉरिस डेव्हिन ही त्यातली मुख्य नावं. इंग्रजांचं राज्य होतं आणि आपले खेळ मरायला लागलेत ही कळकळ त्यामागं होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पगार कुणालाच नाही. ऐंशी हजार लोकांसमोर फायनल खेळणारा माणूस सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला नाहीतर वायरिंगच्या कामावर हजर असतो.

क्लब निवडायचा नसतो. ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, तुम्ही जन्मलात तो तुमचा क्लब. त्यातले चांगले खेळाडू मग काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्याकडून खेळतात, पण घर क्लबच.

क्रॉसमग्लेन रेंजर्स १८८७ चा. काळा आणि केशरट पिवळा रंग. गावाची वस्ती दीड हजाराच्या आसपास, मध्ये एक भला मोठा चौक, आणि जवळच मैदान, ऑलिव्हर प्लंकेट पार्क. १९२१-२२ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि हे गाव उत्तरेत, म्हणजे ब्रिटनकडं राहिलं, सीमा तीनेक किलोमीटरवर. जीएएनं मात्र फाळणी मानलीच नाही, त्यांच्या हिशोबात आजही बत्तीस काउंटी मिळून एकच आयर्लंड, त्यामुळं हे गाव ज्यात आहे त्या आर्मा काउंटीचा मुलगा डब्लिनच्या क्रोक पार्कवर, म्हणजे जीएएच्या मुख्य मैदानावर खेळायला जातो तेव्हा तो परदेशी जात नसतो.

आता मुख्य गोष्ट. साठच्या दशकाच्या शेवटी उत्तरेत ब्रिटनकडं राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं यावरून संघर्ष पेटला आणि सत्तरच्या दशकात ब्रिटिश आर्मीनं क्रॉसमग्लेनच्या पोलीस ठाण्यात तळ ठोकला. ते ठाणं मैदानाला लागूनच. रस्त्यांवर सुरुंग असायचे म्हणून त्या भागात सैनिकांची ने-आण रस्त्यानं व्हायचीच नाही, जेवणापासून माणसांपर्यंत सगळं हेलिकॉप्टरनं, आणि मग हेलिकॉप्टर उतरवायला जागा पाहिजे म्हणून क्लबच्या जमिनीचा एक भाग घेतला. नुसतं कल्पना करून बघा, पोरं प्रॅक्टिस करताहेत आणि डोक्यावर घरघर करत हेलिकॉप्टर खाली येतंय, धूळ-चिखल उडतोय, वरून टेहळणीच्या मनोऱ्यातला माणूस बघतोय. आणि हे एक दिवस नाही, एक सीझन नाही. त्या मैदानावर पहिली लाथ मारलेला पोरगा मोठा झाला, लग्न झालं, त्याचा पोरगा तिथंच खेळायला लागला तरी तो मनोरा तिथंच.

मी इथं एकच बाजू सांगणार नाही. त्या गावात आणि भोवतालच्या रस्त्यांवर कितीतरी सैनिक आणि पोलीस मारले गेले, वीस-बावीस वर्षांची पोरं होती ती, आयआरएचा, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचा तो बालेकिल्ला होता. गावची माणसंही मेली. ते दुःख अजून घराघरात आहे आणि बाहेरून आलेल्या माणसानं त्यावर बोलताना जपून बोलावं असं मला वाटतं.

पण क्लबनं काय केलं ते मात्र सांगायलाच पाहिजे. मैदान बदललं नाही. दुसरीकडं जागा बघू, वाद मिटला की परत येऊ, असं करता आलं असतं, आणि तसं केलं असतं तर मला वाटतं ती जमीन गेलीच असती. ते तिथंच खेळत राहिले. दर आठवड्याला गवत कापलं, रेषा मारल्या, जाळ्या बांधल्या. हॉस्पिटलात माझ्या वॉर्डमधली एक सिस्टर त्या गावची आहे, तिनं मला पहिल्यांदा मॅचला नेलं तेव्हा मला वाटलं होतं की ती कपांबद्दल सांगेल, पण तिनं आधी हात करून दाखवलं की इथपर्यंत ते होते, आणि मग ती गप्प बसली.

हा प्रश्न गावापुरता राहिला नाही. जीएएचा एक नियम होता, नियम २१, उत्तरेतल्या पोलिसांना आणि ब्रिटिश सैनिकांना सभासद होता येणार नाही असा. १९९८ च्या शांतता करारानंतर तो काढावा अशी मागणी आली तेव्हा उत्तरेकडच्या लोकांनी क्रॉसमग्लेनकडं बोट दाखवलं, की आधी त्या क्लबची जमीन मोकळी करा. नियम शेवटी २००१ मध्ये गेला, आणि आर्मीनं गाव पूर्ण सोडलं ते २००७ मध्ये. नियम गेला ते बरंच झालं असं माझं मत आहे, खेळाच्या दारात माणसाची नोकरी विचारू नये. पण ज्यांनी तेव्हा विरोधात हात वर केला त्यांचं मन मला कळतं, त्यांच्या डोळ्यांसमोर ते मैदान होतं.

आणि याच सगळ्या काळात ही टीम काय खेळली! १९९६ ते २००८ सलग १३ वर्षं आर्मा काउंटीची चॅम्पियन. अख्ख्या आयर्लंडमधल्या क्लबांची फायनल त्या काळात सेंट पॅट्रिकच्या दिवशी, १७ मार्चला क्रोक पार्कवर व्हायची, ती १९९७ मध्ये मेयोच्या नॉकमोरला हरवून जिंकली, मग १९९९ मध्ये बॅलिनाविरुद्ध फक्त एका पॉइंटनं, ०-९ विरुद्ध ०-८, आणि २००० मध्ये डब्लिनच्या ना फिअन्नाला हरवून. पुढं २००७, २०११, २०१२. एकूण सहा. दीड हजार वस्तीच्या गावातून! जॉन आणि टोनी मॅकएन्टी ही जुळी भावंडं, ओशीन मॅकॉनव्हिल, फ्रॅन्सी बेल्यू, नंतर कर्नन घरातली पोरं, सगळी तिथल्याच गल्ल्यांमधली.

पहिल्या तीन कपांच्या वेळी मॅनेजर होता जो कर्नन. त्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. तो स्वतः १९७७ ची ऑल-आयर्लंड, म्हणजे सगळ्या काउंटींमधली फायनल आर्माकडून खेळून हरला होता. २००२ च्या फायनलला तो आर्माचा मॅनेजर, समोर बलाढ्य केरी काउंटी, हाफटाइमला आर्मा मागं, ओशीन मॅकॉनव्हिलची पेनल्टी वाया गेलेली. तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये कर्नननं १९७७ ला हरल्यावर मिळालेलं ते स्मृतिचिन्ह बाहेर काढलं आणि भिंतीवर फेकून फोडलं. पंचवीस वर्षं जपलेलं. पोरं बाहेर गेली, दुसऱ्या हाफमध्ये त्याच ओशीननं गोल मारला, आणि आर्मा १-१२ विरुद्ध ०-१४ जिंकलं, एका पॉइंटनं, काउंटीच्या इतिहासातली पहिली ऑल-आयर्लंड. दुसरी यायला २०२४ उजाडलं.

मगाशी एका काकांनी विचारलं की पैसा नाही तर पोरं नोकरीसाठी शहरात गेल्यावर क्लब बदलत नाहीत का. बदलता येतो, रीतसर ट्रान्सफर आहे. पण तुम्ही आठवड्यातल्या कुठल्याही प्रॅक्टिसच्या संध्याकाळी डब्लिनहून उत्तरेकडं येणाऱ्या हायवेवर बघा. ऑफिसच्या कपड्यातली चार पोरं एका गाडीत, मांडीवर पास्त्याचे डबे, मागं किटबॅगा कोंबलेल्या, शंभरेक किलोमीटर जायचं, दीड तास प्रॅक्टिस करायची आणि रात्री परत. दिवस लहान असले की ती पोचतात तेव्हा काळोख झालेला असतो, मैदानावरचे लाइट लांबूनच दिसतात, आणि गेटपाशी कुणीतरी म्हातारं माणूस छत्री घेऊन कोण कोण आलं ते मोजत उभं असतं.