सीबीसीच्या कागदावरचे दोन आकडे

श्रोतेहो, नमस्कार. वृषणाचा कर्करोग मुख्यतः १५ ते ४० या वयातल्या तरुणांना होतो, आणि त्यातले बहुतेक जण बरे होतात. पुन्हा सांगतो, बहुतेक जण बरे होतात. रोग शरीरात पसरल्यावरही. पूर्वी असं नव्हतं. हे बदललं कसं, ते मला सांगितल्यावाचून राहवत नाही.

१९६५च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग संशोधन करत होते. कर्करोग त्यांच्या मनातही नव्हता. विजेच्या प्रभावाखाली पेशी कशा विभागतात, एवढंच त्यांना बघायचं होतं. जिवाणूंच्या द्रावणात त्यांनी प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड बुडवले. प्लॅटिनमची सहसा कशाशी रासायनिक क्रिया होत नाही, म्हणून प्लॅटिनम. वीज सुरू केली, आणि जिवाणूंचं विभाजनच थांबलं! मरत नव्हते, नुसते वाढत होते. दोऱ्यासारखे लांब, नेहमीच्या ३०० पटींपर्यंत. विजेचाच प्रताप, असं म्हणून कुणीही वही मिटली असती. रोझेनबर्ग खोदत राहिले. कारण वीज नव्हतीच. प्लॅटिनम किंचित विरघळत होतं, आणि त्यापासून बनणारी संयुगं विभाजन अडवत होती. मग कर्करोगाच्या गाठीतल्या पेशींचंही विभाजन अडेल का? उंदरांवर करून पाहिलं. गाठी विरल्या! तेच सिस्प्लॅटिन. १९७४मध्ये इंडियाना विद्यापीठात डॉ. लॅरी आइनहॉर्न यांनी ते दुसऱ्या दोन औषधांबरोबर वृषणाचा कर्करोग झालेल्या जॉन क्लीलँड या तरुणाला दिलं. आधीचे उपचार हरले होते. क्लीलँड बरा झाला. ‘याचा उपयोग काय’ असं विचारून संशोधनाचे पैसे अडवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, तो यामुळेच.

आता प्रश्न उरतो तो थोड्यांचा: रोग कुणाला जास्त छळेल, कुणात उलटेल? त्यासाठी एएफपी, एचसीजी आणि एलडीएच या रक्ताच्या तपासण्या आहेतच. शिवाय संशोधक आता साध्या सीबीसीकडे, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या नेहमीच्या तपासणीकडे, बघताहेत. त्यात न्यूट्रोफिल असतात, लिम्फोसाइट असतात; दोन्ही रक्तातल्या पांढऱ्या पेशी. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागायचं. ६० टक्के आणि ३० टक्के असतील, तर उत्तर २. शरीरात दाह वाढला की न्यूट्रोफिल सहसा वाढतात, लिम्फोसाइट घटतात, भागाकार चढतो. शस्त्रक्रियेआधी हा भागाकार चढा असलेल्यांत रोग पसरलेला असण्याचं प्रमाण जास्त, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. प्लेटलेट धरूनही असाच एक निर्देशांक काढतात.

पण श्रोतेहो, हा आकडा साध्या जंतुसंसर्गानेही चढतो, स्टेरॉइडनेही चढतो. यावरून कर्करोग आहे की नाही ते कळत नाही. नाहीच कळत. वृषणात न दुखणारी गाठ लागली, तर लाजू नका. डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफी करा. भागाकार कितीच्या वर गेला की धोका, याची सर्वमान्य रेषा अजून ठरलेली नाही, त्यामुळे आज तरी त्याच्या एकट्याच्या भरवशावर कुणाचा उपचार बदलत नाहीत.