बोल्ट आवळतो, धरतं घर्षण

माझ्या वाट्याला चाळीस मिनिटं होती, त्यातली पंधरा आधीच्या वक्त्यांनी खाल्ली. तक्रार नाही. ते गाडीच्या नळ्यांच्या फ्रेमच्या वेल्डिंगवर बोलत होते, आणि इंजिन बाहेर काढायची वेळ येईपर्यंत वेल्डिंगसारखं दुसरं काही नाही. ती वेळ येते, म्हणून मी इथे उभा आहे.

फ्रेममधली इंजिनवरून जाणारी तिरकी नळी सुटी, म्हणजे वेल्ड न करता बोल्टनं जोडलेली ठेवावी लागते. त्रिकोणांनी फ्रेम ताठ राहते हे तुम्हाला पाठ आहे, तो धडा घेत नाही. फक्त एक हिशेब. २५ मिलिमीटर व्यासाची, १.६ जाडीची, ६०० लांबीची पोलादी नळी घ्या. तिला ४ किलोन्यूटननं ओढा, म्हणजे साधारण चारशे किलो टांगा. ती ताणते जेमतेम ०.१ मिलिमीटर. आणि आपण ८ च्या बोल्टला भोक पाडतो ९ चं! सांधा सैल असेल तर एकेका टोकाला याच्या कितीतरी पट खेळ. तो संपेपर्यंत नळी नुसती शोभेची.

आता माझं जुनं दुखणं. ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी खिडकीबाहेर बघावं. विद्यार्थ्यांच्या एका संघानं गाडी पीळ-चाचणीला, म्हणजे फ्रेम किती पिळते ते मोजायला आणली. पुढच्या टोकाला वजन लावलं, डायल गेजचा, म्हणजे बारीक हालचाल मोजणाऱ्या घड्याळाचा, काटा सरकला. वजन काढलं, तर काटा शून्यावर येईना. मध्येच कुठेतरी ‘कट्’ असा आवाज. निदान काय झालं, तर नळी बारीक आहे! मग जाड नळी. तरी कट्. मग १० चा बोल्ट. त्यासाठी भोक मोठं केलं, कानाची, म्हणजे नळीचं टोक धरणाऱ्या फ्रेमवरच्या पट्टीची, कड बारीक झाली, आणि कट् होतंच. नळी बिचारी निर्दोष होती.

मी बोल्ट काढला. सांध्यावर सुरेख लाल पावडर कोटिंग, कानांच्या आतल्या बाजूलासुद्धा. एका थराची जाडी सुमारे ०.०८ मिलिमीटर. थर मोजा: बोल्टच्या डोक्याखाली एक, नटखाली एक, कान आणि नळीचं टोक भिडतात तिथे दोन्हीकडे दोन-दोन. सहा थर, जवळजवळ अर्धा मिलिमीटर रंग. आता ८ चा, ८.८ ग्रेडचा बोल्ट २५ न्यूटन-मीटरनं आवळला की साधारण १६ किलोन्यूटन दाब देतो, पण तीस मिलिमीटरच्या पकडीत, म्हणजे डोकं ते नट एवढ्या लांबीत, तो स्वतः ताणतो ०.०५ मिलिमीटर. रंगाचा दहावा हिस्सा चेपला की तो सगळा ताण गेला. टॉर्क रेंच टिकटिक वाजला होता हो, पण रंगानं नंतर मान खाली घातली. पोरांनी रंग खरवडला, पुन्हा आवळलं, काटा शून्यावर आला. रंगकाम करणाऱ्या मुलाला अजून माझा राग आहे.

(आयोजकांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.)

म्हणजे ठरवलेला विषय, सांधा कसा करावा, तो आता धावत. दोन कानांच्या सांध्यात घर्षणाचे दोन पृष्ठभाग मिळतात, घर्षणांक ०.१५ धरला तर त्या १६ किलोन्यूटनमधून जवळजवळ ५ किलोन्यूटनपर्यंत काहीच सरकत नाही. एकाच कानाचा सांधा केलात तर हे निम्मं होतं, शिवाय कान वाकतो. कानांमधली फट टोकाच्या बुशला, म्हणजे बोल्ट ज्यातून जातो त्या आडव्या छोट्या नळीला, बरोबर बसायला हवी. अर्धा मिलिमीटर जास्त असेल तर बोल्टचा जोर कान वाकवण्यातच जातो. तिथे पातळ शिम, म्हणजे पत्र्याची चकती, घाला.

पोकळ नळीतून थेट बोल्ट घालू नका, ती चेपते. आरपार बुश वेल्ड करा, म्हणजे पकड लांबते, बोल्ट जास्त ताणतो आणि ढिला पडायला वेळ लागतो. नळीचा अक्ष सांध्याच्या बिंदूतून जाऊ द्या. १० मिलिमीटर बाजूला गेला की ४ किलोन्यूटनवर ४० न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर फुकट पदरी पडतो. फ्लँज, म्हणजे नळीच्या टोकाला वेल्ड केलेल्या दोन पट्ट्या समोरासमोर बोल्टनं जोडणं, करायचीच असेल तर बोल्ट नळीच्या भिंतीला चिकटून, पाना जेमतेम फिरेल इतके जवळ, आणि पट्टी जाड. नळीचं टोक शंकूच्या बैठकीत बसवलं तर खेळ राहतच नाही, पण नळी काढताना फ्रेम फाकवावी लागते. ते मी करून पाहिलंय, दुसऱ्यांदा करणार नाही.

त्या गाडीची ती नळी मी सोबत आणली आहे, टेबलावर ठेवतो. बुशच्या तोंडावर रंग घासून चकचकीत झालेली चंद्रकोर दिसेल. तिथेच कट् वाजत होतं.