तिथीचा रकाना

नमस्कार. आज बुधवार आहे, म्हणजे इथल्या निम्म्या मंडळींचं जेवण मासळीचं झालं असणार. हात वर करा पाहू. वा, निम्म्याहून जास्त! मग विषय घरचाच आहे.

ज्या छोट्या मासेमारीच्या धड नोंदीच नाहीत, तिथे समुद्रात मासा किती उरलाय हे मच्छीमारांच्या ज्ञानावरून कसं ठरवायचं, असा आजचा विषय पत्रिकेत छापलाय. पद्धतीकडे येतोच. त्याआधी वेसाव्याच्या बंदरावरची एक गोष्ट सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथून सुरू होतं.

मी नोकरीत नवा होतो. महिन्याच्या ७ आणि २२ तारखेला पहाटे बंदरावर जायचं, डोळीच्या होड्या किती लागल्या, पाट्या किती उतरल्या, बोंबील किती, मांदेली किती, जवळा किती, हे वहीत लिहायचं. तारखा मीच ठरवल्या होत्या. पंधरा-पंधरा दिवसांचं अंतर, हिशेबाला सोपं. तिसऱ्या हिवाळ्यात आकडे कोसळले. पहिल्या हिवाळ्याशी ताडून पाहिलं तर पाट्या फारच कमी. मी टिपण तयार केलं: बोंबलाचा साठा वेगाने घटतोय.

बंदरावर एक मावशी असायच्या, लिलावात बसणाऱ्या. त्यांना मी मोठ्या काळजीने हे सांगितलं. त्यांनी पाटीतून मान वर केली. म्हणाल्या, "आरं पोरा, भांग हाय आज. पान्याला वढ नाय. डोलीन् काय गावंल? तू भांगाचाच येतंस यंदा, म्या बगतंय."

ज्यांना डोळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोळ म्हणजे खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. ते माशामागे जात नाही, मासा पाण्याच्या ओढीबरोबर त्यात येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, ओढ जोरात असते, डोळ भरते. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला भांग. पाणी मंद, डोळ रिकामी, माणसं जाळी दुरुस्त करत बसतात. आता माझ्या तारखा बघा. दोन तारखांत पंधरा दिवस, म्हणजे जवळजवळ एक पक्ष. एक तारीख उधाणात आली की दुसरीही उधाणातच. आणि इंग्रजी वर्ष चांद्र वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी मोठं, त्यामुळे तीच तारीख दर वर्षी अकरा तिथी पुढे सरकते. दोन वर्षांत बावीस. पौर्णिमेवरची तारीख सरळ सप्तमीवर. मी बोंबील मोजत नव्हतो, चंद्र मोजत होतो.

मावशी शाळेत गेल्या नव्हत्या. पण तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे गणित त्या जाता जाता करायच्या. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमाराला भरती. तुमच्यापैकी कोकणातल्यांना हे आजोबांनी शिकवलेलं असेल. कागदाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं हे सूत्र आहे.

मी टिपण फाडलं आणि तक्त्यात एक रकाना वाढवला: तिथी. वरच्या कार्यालयात तो तक्ता गेला आणि परत आला तेव्हा त्या रकान्यावर लाल रेघ होती. शेजारी शेरा: "पंचांगाचा संबंध नाही. अशास्त्रीय." मी भरती-ओहोटीचं कोष्टक जोडून पुन्हा पाठवलं. पुन्हा रेघ. छापील अहवालात रकाना नव्हता आणि घसरलेले आकडे तेवढे होते. ते आकडे पुढे कुणीकुणी वापरले असतील, या विचाराने मला आजही वाईट वाटतं. त्या मावशींचं एक वाक्य त्या अहवालापेक्षा जास्त शास्त्रीय होतं, आणि ते नोंदवायला जागा नव्हती.

रॉबर्ट जोहान्स नावाचा शास्त्रज्ञ पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवर मच्छीमारांच्या शेजारी बसून ऐकत राहिला. चंद्राच्या कलेनुसार अंडी घालायला जमणाऱ्या सुमारे ५५ जातींच्या वेळा आणि जागा त्याला कळल्या. तेव्हा सगळ्या जगाच्या शास्त्राला अशा जितक्या जाती माहीत होत्या, त्याच्या दुपटीहून जास्त! त्याने ते १९८१ साली पुस्तकात छापलं. तिथेही तिथीच, बघा. आणि आपल्या वरळीत? कोस्टल रोडच्या खांबांमधून होड्या जाणार कशा, ओढ कुठे खेचते, हे कोळी बांधव ओरडून सांगत होते. खांबांमधलं ६० मीटरचं अंतर १२० करायचं मान्य व्हायला २०२२ चा शेवट उजाडला.

आयोजकांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं. बरं, पद्धत.

पहिलं म्हणजे साल विचारू नका, खूण विचारा. २६ जुलैच्या पुराआधी की नंतर? फयान वादळाच्या वर्षी? इंजिन बसवण्याआधी सगळ्यात मोठा घोळ मासा केवढा मिळाला होता? आठवण अशाच खुणांना धरून असते. म्हातारे आणि तरुण, दोघांना वेगवेगळं बसवून विचारा. मेक्सिकोत कॅलिफोर्नियाच्या आखातात तीन पिढ्यांच्या १०८ मच्छीमारांना विचारलं, तो अभ्यास २००५ साली आला. पूर्वी मुबलक होत्या आणि आता संपत आल्या, अशा जाती म्हाताऱ्यांनी तरुणांच्या पाचपट सांगितल्या. तरुणाला आजचा रिकामा समुद्रच नेहमीचा वाटतो.

मोठ्या घबाडाची आठवण राहते, रिकाम्या फेऱ्यांची नाही. म्हणून मेहनत विचाराच: जाळी किती, तास किती, किती लांब जावं लागतं? पाट्या तेवढ्याच आणि डिझेल दुप्पट, तर साठा घटलाय.

आणि बायकांना विचारा. हे मी तासभर बोलू शकलो असतो. कोणत्या महिन्यात कोणत्या माशात गाबोळी, म्हणजे अंडी, असते, केवढ्या मापापासून दिसायला लागते, हे मासे कापणाऱ्या कोळणीइतकं कुणाला ठाऊक नाही. मासा कितव्या मापाला वयात येतो, हे शोधायला आम्ही प्रयोगशाळेत शेकडो मासे चिरतो. तसाच वाटा, म्हणजे बाजारात एका भावाला विकायला मांडलेला माशांचा ढीग. त्याच भावाच्या वाट्यात पूर्वी बोंबील किती बसायचे, आता किती? संख्या वाढली असेल तर मासा बारका झालाय.

एकाचं ऐकून थांबू नका, वेगवेगळ्या घरांतून तेच येतंय का बघा, मग बंदरावरच्या मोजणीशी ताडा. दाखवलेल्या जागा नकाशात छापू नका, त्या त्यांच्या आहेत. निष्कर्ष आधी त्यांना वाचून दाखवा.

घंटा झाली. विद्यार्थी बसलेत मागे, त्यांना एवढंच सांगतो: उद्या बंदरावर जाल तेव्हा वहीत तारखेशेजारी तिथी लिहा. आणि लिलाव चालू असताना मावशींना काही विचारू नका, तो संपेपर्यंत पाट्या उचलायला हात लावा.