पंचवीस इंचांचा टॉप, सव्वासव्वीस इंचांचं कापड

(दृश्य: ठाणे स्थानक, सकाळ. लोकलचा महिलांचा डबा.)

ठाण्याहून वाशीकडे निघालेली लोकल. बसायला जागा नाही, म्हणून एक हात वरच्या कडीला. कडी धरली की बाही ओढली जाते, बाहीबरोबर बगल, आणि टॉपची खालची कड चार बोटं वर सरकते. मग वाशी येईपर्यंत ती दुसऱ्या हाताने खाली ओढत राहायचं.

यात कापडाचा दोष नसतो, मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोलावा, जास्त खोल कापलेला असतो. सैल मुंढा म्हणजे आराम, हा समज नेमका उलटा आहे. मुंढा काखेच्या जितका जवळ, तितका हात मोकळा. मध्यम मापाला खांद्यापासून सरळ खाली ८ इंच पुरतात. ९ केले, की वर गेलेला हात अख्खा टॉप सोबत घेऊन जातो.

(दृश्य: वागळे इस्टेट. शिवणकामाचा गाळा, कापायचं लांब टेबल.)

वागळे इस्टेटमधल्या या गाळ्यात आज होजिअरीचे टॉप कापायचे आहेत. यंत्रमागांची भिवंडी जिल्ह्यातच आहे, पण मागावर निघतं ते ताण्याबाण्याचं कापड. होजिअरीत ताणा नाही नि बाणा नाही. धागा फासात फास अडकवत जातो. म्हणून ती अंगाबरोबर ताणली जाते, आणि म्हणूनच आटते, पिळवटते, कापली की कडेला सुरळीसारखी वळते. हा रोल आला आहे तमिळनाडूतल्या होजिअरीच्या गावाहून, तिरुपूरहून.

चिठ्ठीवर लिहिलंय: ९५ टक्के सेंद्रिय कापूस, ५ टक्के लायक्रा, १८० जीएसएम.

लायक्रा म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, आणि ते इथल्या इथे तपासता येतं. गोल कटरने बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापायची आणि वजनकाट्यावर ठेवायची. १.८ ग्रॅम भरली, तर १८० खरं. रोलच्या दोन्ही टोकांच्या आणि मधल्या अशा तीन चकत्या घ्याव्यात, एकीवर विसंबू नये. होजिअरी किलोवर विकली जाते. ७२ इंच पन्ह्याच्या या कापडाचा एक किलो म्हणजे साधारण ३ मीटर, आणि त्यात अर्ध्या बाहीचे चार टॉप बसतात. जीएसएम वाढलं, की तेवढ्याच पैशांत कापड कमी मिळतं. पावसाळ्यात कापूस हवेतली ओल पितो, त्यामुळे काट्यावर थोडं पाणीही मोजलं जातं. तोलताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

सेंद्रिय कापूस मात्र डोळ्यांनी ओळखता येत नाही. हाताला नाही, जाळूनही नाही. तिथे कागदच हवा. ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड, बाजारातल्या बोलीत गॉट्स, या प्रमाणपत्रात ‘ऑरगॅनिक’ म्हणवून घ्यायला किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो. ७० टक्क्यांच्या वर असेल तर ‘सेंद्रिय धागा वापरून बनवलेलं’ एवढंच लिहिता येतं. गिरणीकडे प्रमाणपत्र आहे, इतक्यावर भागत नाही. हाच माल त्यातला आहे, हे सांगणारं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, म्हणजे टीसी, मागावं लागतं. आणि शिवणारा गाळा स्वतः प्रमाणित नसेल, तर कापड कितीही अस्सल असो, टॉपवर गॉट्सचं लेबल शिवता येत नाही. साखळीतली एक कडी सुटली की लेबल सुटलं.

‘बांबूचं कापड’ म्हणून जे मऊ मऊ विकतात, ते बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला धागा तो. लायोसेलही लाकडाच्या लगद्याचाच, पण त्यातलं विद्रावक जवळजवळ सगळं परत मिळवून पुन्हा वापरतात. फरक तिथे आहे.

सस्टेनेबलला आपण ‘शाश्वत’ म्हणू लागलो आहोत. कपड्याला जुना ‘टिकाऊ’च शब्द जास्त नेमका वाटतो. सेंद्रिय कापसाचा टॉप तिसऱ्या धुण्यात पिळवटून पायपुसणं झाला, तर त्यासाठी लागलेलं सगळं पाणी आणि मेहनत पायपुसण्यावरच खर्ची पडली.

(दृश्य: बादली, मोजपट्टी, निळी खूण केलेला कापडाचा तुकडा.)

म्हणून कात्रीआधी बादली. रोलमधून ६० सेंटिमीटरचा चौकोन काढायचा, त्यावर न पुसणाऱ्या शाईने ५० सेंटिमीटरचा चौकोन आखायचा. तीनदा धुवायचा, तीनदा वाळवायचा. हा तुकडा उभ्यात साडेसत्तेचाळीस भरला आहे. म्हणजे ५ टक्के आटला. टॉपची लांबी २५ इंच हवी असेल, तर दुमड सोडून सव्वासव्वीस इंच कापायला हवं. आडव्यात हाच तुकडा फक्त १ सेंटिमीटर आटला आहे. उभ्याचं प्रमाण आडव्याला लावलं की टॉप रुंद होऊन अंगावर लोंबतो. ही चूक घाईत हटकून होते.

आता चौकोनाच्या कोपऱ्याकडे जवळून बघा. फासांच्या उभ्या ओळी सरळ खाली यायच्या सोडून एका अंगाला कलल्या आहेत. धाग्याला सूतगिरणीत दिलेला पीळ पाण्यात सुटू बघतो आणि सिंगल जर्सीला, म्हणजे अशा एकेरी विणीच्या होजिअरीला, ओढून नेतो. टॉप शिवल्यावर हाच पीळ बगलेची शिवण पोटावर आणून ठेवतो. २० इंचांच्या शिवणीत एक इंच सरकलं, तर ५ टक्के. तिथवर चालवून घेतात. पुढे गेलं, तर रोल परत. शिवणकाम कितीही चांगलं असलं तरी हा दोष झाकत नाही.

रोल घट्ट गुंडाळलेला असतो, लायक्रा ताणलेला. उघडून, सैल घड्या घालून २४ तास तसाच ठेवायचा. आज उघडलेला रोल आजच कापला, तर कापलेले भाग टेबलावरच आखडतात आणि पुढचा-मागचा जुळत नाही. पावसाळ्यात घड्या जमिनीवर ठेवू नयेत. लाकडी फळ्यांवर ठेवाव्यात, वर पंखा सुरू. कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके आले की ते धुऊन जात नाहीत.

(दृश्य: ओव्हरलॉक, म्हणजे कड कापत शिवणारं मशीन. सुईचं टोक, अगदी जवळून.)

सुई ११ नंबरची, गोल टोकाची. अणकुचीदार सुई फास बाजूला सारत नाही, कापते. भोक आज दिसत नाही. पहिल्या धुण्यानंतर शिवणीलगत दिसतं आणि तिथून शिडी पडत जाते. टोक बोथट झालं, तरी परिणाम तोच.

खांद्याच्या शिवणीत पट्टी हवीच. ती नसेल, तर टॉपचं सगळं वजन खांद्यावर पडून बाही कोपराकडे निघते. गळ्याचा घेर २२ इंच असेल, तर रिबची, म्हणजे उभ्या धाऱ्यांच्या जास्त ताणणाऱ्या विणीची, पट्टी पावणेएकोणीस इंच, म्हणजे साधारण ८५ टक्के. जास्त घेतली की गळा उघडा पडतो, कमी घेतली की चुण्या पडतात. आणि डोकं आत जायला हवं, हे कधी कधी विसरलं जातं! म्हणून पट्टी ताणून २२ पर्यंत पोचते का, ते आधी बघायचं.

खालची कड फ्लॅटलॉकवर, म्हणजे कड दुमडून सपाट शिवणाऱ्या मशीनवर. ती लाटांसारखी आली, तर मशीनचे पुढचे दात कापड कमी ढकलताहेत. डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या दातांचा मागच्यांच्या तुलनेतला वेग, थोडं वाढवायचं. मग कड दोन्ही हातांनी पूर्ण ताणायची. ‘कट्’ आवाज आला, तर धाग्याचा ताण जास्त आहे.

(दृश्य: खिडकीची जाळी. दांडीवर आडवा टाकलेला टॉप.)

घरी धुताना टॉप उलटा करून, थंड पाण्यात. ओला टॉप हँगरला लावू नये, पाण्याच्या वजनाने लांबतो. दांडीवर काखेच्या रेषेत आडवा टाकावा. कडक इस्त्री लायक्राला सोसत नाही.

गाळ्यात संध्याकाळी नमुन्याचा टॉप तिसऱ्यांदा वाळून येतो. लांबी पंचवीस. बगलेची शिवण अर्धा इंच सरकलेली. थप्पी कापायला घेतात. शेजारच्या रोलचा तुकडा अजून बादलीत आहे.