अकरा वर्षांनी गुर्येला

नमस्कार श्रोतेहो.

माझी आई कोल्हापूरची आणि वडील कोरियाचे. नोकरीच्या निमित्ताने वडील पुण्यात आले, येथेच रमले आणि येथेच त्यांनी संसार मांडला, त्यामुळे माझे बालपण, शिक्षण आणि भांडणेसुद्धा मराठीतच झाली. आजोळी आम्ही दर सुट्टीत जात असू. वडिलांच्या गावी मात्र मी 2013 च्या नोव्हेंबरात गेले होते, ती त्यानंतर थेट 2024 च्या नोव्हेंबरात गेले. त्या वेळी मी चौदा वर्षांची होते, आता पंचवीस वर्षांची आहे. आजी ब्याऐंशीची झाली आणि आजोबा सत्त्याऐंशीचे. शिक्षण, परीक्षा, नोकरी ही कारणे होतीच. 2020 मध्ये तिकिटे काढली होती, तर करोना आला. परंतु त्यानंतरची दोन-तीन वर्षे मी सहज जाऊ शकले असते आणि गेले नाही, हे आज तुमच्यासमोर मान्य केले पाहिजे.

वडिलांचे घर गुर्ये या तालुक्याएवढ्या लहान जिल्ह्यात आहे. दक्षिण कोरियाच्या नैर्ऋत्येला दक्षिण जोल्ला प्रांत आहे, आणि तेथे जिरीसान या 1,915 मीटर उंचीच्या पर्वताच्या पायथ्याशी, सोमजिन नदीच्या काठाने ही भातशेतीची गावे वसलेली आहेत. दिल्लीमार्गे इंचॉन, तेथून सोल, आणि सोलमधल्या योंगसान स्थानकावरून वेगवान रेल्वेने सुमारे अडीच तास, असा तो प्रवास आहे. गुर्येचे रेल्वे स्थानक प्रत्यक्षात गुर्येत नाही. ते नदीच्या अलीकडच्या तीरावर, शेजारच्या सुनचॉन शहराच्या हद्दीत आहे, आणि त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘गुर्येचे तोंड’ असा आहे. गाडीतून उतरायचे, पूल ओलांडायचा आणि मग गुर्ये सुरू होते. लहानपणी वडील त्या पुलावर माझा हात घट्ट धरीत असत. या खेपेला ते माझ्यासोबत नव्हते. पुलाच्या मध्यावर मी थोडी थांबले आणि पाणी पाहिले. 8 ऑगस्ट 2020 रोजी याच नदीने गुर्येचा बाजार बुडवला होता आणि पुरातून वाचण्यासाठी गाई घरांच्या छपरांवर चढल्या होत्या. ती दृश्ये आम्ही पुण्यात बसून पाहिली आणि रात्रभर फोन लावत राहिलो. आमचे घर उंचावर असल्याने वाचले, पण आजी ज्या बाईकडून वर्षानुवर्षे सुकी मासळी घेत असे, तिचे दुकान छतापर्यंत पाण्याखाली गेले होते.

आजी फाटकाशी उभी होती. ‘उभी होती’ हे मी सवयीने म्हणते आहे. वाकून वाकून भात लावणाऱ्या त्या पिढीतल्या अनेक बायकांची पाठ कमरेतून पूर्ण झुकलेली असते, तशी आता तिचीही झाली आहे, आणि बाबागाडीसारख्या चार चाकांच्या ढकलगाडीला धरून ती चालते. तिने मान वर करून मला पाहिले आणि म्हणाली, “आयगो, ने सॅक्की.” कोरियन माणूस दुःखात, आनंदात, दमल्यावर, ठेच लागल्यावर ‘आयगो’ म्हणतो, अगदी आपण ‘आई गं’ म्हणतो तसेच. आणि ‘ने सॅक्की’ म्हणजे ‘माझं पिल्लू’. एरवी हा शब्द तोंडातून गेला तर शिवी ठरते, पण आजीच्या तोंडी त्यासारखा दुसरा लाडाचा शब्द नाही. वाटेत मी मनात घोकलेली सगळी आदरार्थी कोरियन वाक्ये त्या क्षणी विरून गेली आणि मी मराठीतच बोलले, “आजी, आले गं मी.” तिला ते कळले. तिचा पुढचा प्रश्न होता, जेवलीस का?

आत जाऊन मी दोघांना मोठा नमस्कार केला. त्यासाठी वडीलधाऱ्यांनी जमिनीवर बसायचे असते, आणि आपण दोन्ही हात कपाळाशी नेऊन सावकाश खाली बसून लवायचे असते. फरशी खालून तापवलेली होती, कपाळ खाली गेले तेव्हा तिची ऊब चेहऱ्याला लागली. आजोबांना आता फारसे ऐकू येत नाही. नमस्कार झाल्यावर त्यांनी माझा तळहात हातात घेतला आणि बराच वेळ ते तो उलटसुलट करून पाहत राहिले.

मी मुद्दाम किमजांगच्या सुमारास गेले होते. थंडी सुरू होताना वर्षभराची किमची, म्हणजे तिखट-मिठात मुरवलेले कोबीचे लोणचे, एकदम घालण्याची ही प्रथा आहे, आणि युनेस्कोने 2013 मध्ये तिचा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. योगायोगाने मी आधी गेले होते तेच ते वर्ष. या कामासाठी शेजारणी एकमेकींकडे पाळीपाळीने जातात. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या घरी. याला तेथे ‘पुमासी’ म्हणतात, आणि आपल्याकडे शेतकरी एकमेकांच्या रानात सावडीने काम करतात ती रीत याहून वेगळी नाही. आईने हा शब्द ऐकला तेव्हा ती लगेच म्हणाली होती, “अगं, ही तर सावड!”

23 नोव्हेंबरला गुर्येचा बाजार होता. तो तीन आणि आठ या अंकांनी संपणाऱ्या तारखांना भरतो. आम्ही मुळे, आले, लसूण आणि मिठात मुरवलेल्या मांदेलीसारख्या मासळीचा रस आणला. रात्री चिनी कोबीचे गड्डे उभे चिरून मिठाच्या पाण्यात घातले आणि आजी मध्यरात्री दोनदा उठून ते उलटून आली. सकाळी शेजारणी आल्या. प्रत्येकीने मांड्यांना पट्ट्यांनी बांधलेली जाड गोल गादी घातली होती, म्हणजे उठले तरी आसन सोबत येते. लाल मिरचीची भरड, चिकट तांदळाची खळ, मोहरीचा पाला, किसलेला मुळा, पातीचा कांदा हे सारे एका मोठ्या टोपात कालवले गेले आणि कोबीच्या एकेका पानाआड ते सारण भरणे सुरू झाले. मी भराभर भरत होते. आजीने माझा हात थांबवला आणि दाखवले, की सारण देठाकडे जास्त लावायचे आणि शेंड्याकडे नुसता हात पुसायचा, कारण जाड देठात तिखट-मीठ उशिरा मुरते. मग तिने आतले कोवळे पिवळे पान तोडले, त्याची सारण भरून गुंडाळी केली आणि रबरी हातमोज्यानेच माझ्या तोंडात कोंबली. पंचविसाव्या वर्षी असा घास मला दुसऱ्या कोणी भरवला नसता.

मागच्या वेळी या अंगणात दीडशे गड्डे होते आणि चौदा बायका होत्या. या वेळी चाळीस गड्डे आणि पाच बायका, आणि त्यांतली सर्वांत लहान अडुसष्ट वर्षांची. आमच्या गल्लीतील सात घरांपैकी तीन घरांना कुलूप आहे. एका घराच्या अंगणातील झाडाची पर्सिमॉनची फळे कोणी उतरवलीच नव्हती, ती भगवी फळे पक्षी खात होते. 2023 मध्ये कोरियातील एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या, 0.72 इतका खाली गेला आणि 2024 च्या डिसेंबरात पासष्टीपुढच्या लोकांचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. हे आकडे मी पूर्वी वाचत असे. आता ते वाचताना मला ते भगवे झाड दिसते. आजोबांचे भाताचे रान आज एक शेजारी ट्रॅक्टरने कसतो. बसथांबा दूर असलेल्या गावांसाठी या प्रांताने शंभर वोनची, म्हणजे सहा-सात रुपयांची टॅक्सी सुरू केली आहे, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे म्हाताऱ्या बायकांना बाजार आणि दवाखाना गाठता येतो.

आता सांगायचे आहे ते दिनदर्शिकेविषयी. कृषी सहकारी बँक दरवर्षी मोठ्या ठळक आकड्यांची दिनदर्शिका घरोघर देते. ती आजोबांच्या उशाशी भिंतीवर असते, आणि दोरीने बांधलेल्या पेन्सिलने ते तिच्यावर रोज एखादा शब्द लिहितात. पाऊस. दवाखाना. लसूण लावला. एका दुपारी ते झोपलेले असताना मी पाने मागे उलटत गेले. काही चौकोनांत ‘इंदो’ एवढेच लिहिले होते. ‘इंदो’ म्हणजे भारत. ते काय असावे हे मला प्रथम कळेना. मग जूनमधली एक तारीख ओळखीची वाटली, तो माझा वाढदिवस होता. मी ज्या ज्या दिवशी पुण्याहून फोन केला होता, त्या त्या दिवशी आजोबांनी ‘इंदो’ लिहिले होते. मी सगळे महिने मोजले. त्या संपूर्ण वर्षात नऊ वेळा. ज्यांना फोनवरचे शब्द नीट ऐकू येत नाहीत, त्यांनी फोन आल्याची नोंद मात्र ठेवली होती. त्यानंतर मी स्वयंपाकघरात जाऊन आजीजवळ बसले आणि काही न बोलता तिच्यासोबत लसूण सोलत राहिले.

मी 27 तारखेला निघाले. सोलमध्ये त्या दिवशी नोव्हेंबरात क्वचितच पडतो इतका बर्फ पडला होता. माझ्या पिशवीत दोन डबे किमची होती आणि सोजू या कोरियन दारूच्या रिकाम्या हिरव्या बाटलीत भरलेले, आजीने गिरणीतून काढून आणलेले तिळाचे तेल होते. तिने बाटलीचे टोपण चिकटपट्टीने सात-आठ वेढे देऊन बंद केले होते. ती पट्टी मी पुण्यात कात्रीने कापली, तेव्हा घरभर तिळाचा वास पसरला आणि वडील दुसऱ्या खोलीतून उठून आले.

आपल्या आणि त्यांच्या घड्याळात साडेतीन तासांचे अंतर आहे. आजोबा रात्री आठला झोपतात. म्हणून दर रविवारी दुपारी साडेतीन वाजता, म्हणजे तेथे संध्याकाळचे सात वाजलेले असताना, मी फोन लावते. आजी पहिल्यांदा जेवणाचे विचारते. मग ती फोन आजोबांच्या कानाशी नेते, मी मोठ्याने “हाराबोजी!” अशी हाक मारते, आणि थोड्या शांततेनंतर मला पेन्सिलीची दोरी भिंतीवर घासल्याचा आवाज येतो.