डोंगरावरचं जेवण

नमस्कार श्रोतेहो.

नॉर्वेच्या राजधानीतली, ऑस्लोमधली एक नंबरची मेट्रो शहर सोडून डोंगर चढायला लागते. वरचं शेवटचं स्टेशन फ्रोग्नरसेटेरेन. तिथून चार पावलांवर १८९१ साली बांधलेलं लाकडी उपाहारगृह आहे. छपराच्या टोकांवर ड्रॅगनची मुंडकी, खाली सगळं ऑस्लो आणि फियोर्डचं, म्हणजे आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीचं पाणी.

नावातला 'सेटर' म्हणजे डोंगरावरचा उन्हाळी गोठा. गुरं, शेळ्या वर चरायला न्यायच्या, दूध तिथेच आटवायचं, लोणी-चीज करून खाली आणायचं. हे कळलं आणि ताटाकडे बघायची माझी नजर बदलली.

सप्टेंबर संपत आला होता, फोरिकोलचा मोसम, म्हणून तेच मागवलं. हाडासकट मटण आणि कोबीच्या मोठ्या फोडी एकावर एक रचायच्या, मीठ, अख्खी मिरी, पाणी, आणि दोनेक तास मंद आचेवर सोडून द्यायचं. फोडणी नाही, हळद नाही, कांदासुद्धा नाही! पहिला घास घेताना मनातल्या मनात मी तिखटाचा डबा शोधला. तिसऱ्या घासाला कळलं, मटणाचा सगळा रस कोबीनं पिऊन घेतलाय. मग मटण बाजूला ठेवून मी कोबीच खात सुटले. मिरीचे दाणे मात्र ताटाच्या कडेला लावले, आपण कढीपत्ता लावतो तसे. बरोबर उकडलेले बटाटे.

आणि गंमत ऐका. १९७२ साली या पदार्थाला नॉर्वेचा राष्ट्रीय पदार्थ ठरवलं ते एका रेडिओ कार्यक्रमानं! आकाशवाणीच्या स्टुडिओत बसून हे सांगताना मला उगीचच मोठेपणा वाटतोय.

शेवटी सफरचंदाचा केक, वर फेटलेली साय. या जागेचं नाव काढलं की ऑस्लोकर आधी त्याचीच चौकशी करतात. तो मी दोनदा घेतला, एवढंच सांगते.

येताना शहरातून ब्रूनोस्टची वडी आणली, तपकिरी चीज. चीज काढून उरलेलं पाणी आटवत राहायचं, त्यातली साखर करपायच्या बेतात येईपर्यंत. १८६३ मध्ये गुडब्रान्सडाल खोऱ्यातल्या आन्ने होव या बाईनं त्यात साय घातली आणि आजची चव आली. पातळ काप करून आईला दिला. तिनं डोळे मिटून चघळला.

"पेढा चांगलाय," म्हणाली, "पण मीठ कुणी घातलं?"