भूकंपाचा आकडा नेमका काय सांगतो?

30 सप्टेंबर 1993. गणेश विसर्जन आटोपून उशिरा झोपलेली किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे पहाटे चारच्या सुमारास हादरली. ‘रिश्टर स्केलवर अमुक तीव्रतेचा भूकंप’ हे आपल्या बातम्यांमधले ठरलेले वाक्य आहे. त्यात भूकंपशास्त्रातील मॅग्निट्यूड आणि इंटेन्सिटी या दोन भिन्न संज्ञांची सरमिसळ झालेली असते.

मॅग्निट्यूडवरून भूगर्भात घडलेल्या घटनेचा आकार कळतो. चार्ल्स रिश्टर यांनी 1935 मध्ये कॅलिफोर्नियातील भूकंपांसाठी ही मोजपट्टी मांडली. आज मोठ्या भूकंपांसाठी मोमेंट मॅग्निट्यूड ही नंतरची मोजपट्टी वापरतात, पण रिश्टरांचे नाव काही बातम्यांतून जात नाही. किल्लारीच्या भूकंपाची मोमेंट मॅग्निट्यूड 6.2 होती आणि ती लातुरात एक, मुंबईत दुसरी अशी असू शकत नाही. हा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे 32 पट होते.

इंटेन्सिटी मात्र गावागणिक बदलते, आणि खरे पाहता ‘तीव्रता’ हा शब्द तिलाच शोभतो. तिच्या बारा पायऱ्या रोमन अंकांत लिहितात. टांगलेला दिवा हलला की खालची पायरी, भिंती कोसळल्या की वरची. किल्लारीत ती आठ-नऊपर्यंत पोहोचली, तर मुंबईत तोच भूकंप जेमतेम जाणवला.

ही पायरी ठरवायला निव्वळ यंत्र पुरत नाही, घरे पाहावी लागतात. किल्लारीसारख्या गावांतली गोल दगड मातीत रचून उभारलेली रुंद भिंत आत आणि बाहेर अशा दोन थरांची असते. त्या थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नसला, तर हादऱ्याने ते एकमेकांपासून सुटतात. डोक्यावर माळवदाची फूट-दोन फूट माती असते. उन्हाळ्यात घर गार ठेवणाऱ्या त्याच मातीखाली त्या पहाटे माणसे गाडली गेली. तितक्याच हादऱ्याने नीट बांधलेल्या काँक्रीटच्या इमारतीला कदाचित केवळ तडे गेले असते. म्हणूनच पाहणी करणारा तज्ज्ञ किती घरे पडली एवढेच मोजून थांबत नाही. पडलेले घर कशाचे होते, याचीही नोंद तो करतो.